शिंगराच्या मागच्या पायाचे लंगडणे : निदान आधी, तेल नंतर

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला लोहा तालुक्यातील माळेगाव येथे खंडोबाची देवस्वारी निघते आणि यात्रेस प्रारंभ होतो. नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या मार्गावरील या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो व परप्रांतांतूनही जनावरे येतात. नांदेड शहरात तख्त सचखंड श्री हुजूर साहिबच्या तबेल्यातील घोड्यांना श्रद्धेचे स्थान आहे. आपल्या भागातील अश्वपालन आजही जिवंत आहे, ते असे.

यात्रेनंतरच्या दिवसांत आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयात व औषधी दुकानांत एक प्रश्न हमखास येतो. दीड-दोन वर्षांचे शिंगरू घेतले. घरी आणल्यावर ते मागच्या पायाने लंगडते. चोळायला एखादे तेल द्या. मागणी साधी दिसते, पण ती पुरवण्यापूर्वी थांबणे आवश्यक आहे, असे आमचे आग्रहाचे मत आहे. वाढत्या वयाच्या घोड्याचे लंगडणे हा वृद्ध माणसाचा संधिगत वात नव्हे. निदानावाचून दिलेल्या तेलाने अपाय होतो तो बहुधा तेलामुळे नव्हे, तर त्यात गेलेल्या दिवसांमुळे.

शालिहोत्राचा वारसा

अश्वचिकित्सा ही आपल्याच शास्त्राची शाखा आहे. शालिहोत्र हे तिचे आद्य आचार्य मानले जातात. दख्खनी बोलीत घोड्याच्या वैद्याला ‘सालोत्री’ म्हणत, त्या शब्दात हेच नाव दडलेले आहे. जयदत्तसूरींचे ‘अश्ववैद्यक’ व नकुलाच्या नावावरील ‘अश्वचिकित्सित’ हे ग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यास छापले गेले. नकुलाचेच ‘अश्वशास्त्र’ 1952 साली तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने प्रसिद्ध केले; मराठी राजांनी वाढवलेल्या त्या ग्रंथालयाने ही विद्या जपली, याचा आपल्याला अभिमान वाटावा. अग्निपुराण व गरुडपुराण यांतही अश्वचिकित्सेचा भाग आहे.

मात्र वारसा म्हणजे परवाना नव्हे. याचा विचार पुढे केला आहे.

सांधा कोणता?

पहिली चूक शरीररचनेतच होते. घोड्याच्या मागच्या पायात मध्यावर मागे टोक काढलेला जो सांधा दिसतो, त्याला पुष्कळजण गुडघा समजतात. वस्तुतः तो माणसाच्या घोट्याशी जुळणारा सांधा होय. पशुवैद्यक त्याला ‘हॉक’ म्हणतात. खरा जानुसंधी त्याच्या बराच वर, पोटाच्या कडेला लागून असतो व वाटीही तेथेच असते. त्याला ‘स्टायफल’ म्हणतात. मालक ‘गुडघा’ म्हणून बोट कोठे ठेवतो, हे पाहिल्याखेरीज त्याचे वर्णन स्वीकारू नये.

लंगडणे पाहायचे तर शिंगरू कठीण, सपाट जमिनीवर सरळ रेषेत प्रथम चालवावे, नंतर दुडक्या चालीने पळवावे आणि मागून पाहावे. दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा दुसऱ्या बाजूपेक्षा अधिक वरखाली होतो. पाऊल आखूड पडते. खुराचे टोक जमिनीला घासते. दोन्ही पायांचे सांधे एकामागून एक हाताळून उष्णता, सूज व वेदना यांची तुलना करावी. खुरात खिळा, खडा वा पू नाही, याची खात्री प्रथम करावी. कारण सांध्याचे म्हणून आलेले लंगडणे पुष्कळदा खुराचे निघते.

तरुण घोड्यातील प्रमुख कारणे

पहिले कारण वाटी अडकण्याचे. वाटीचा आतील बंध मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर अडकतो आणि पाय मागे ताठ राहतो. सुटताना झटका बसतो. सरळ पायांच्या, कृश व अशक्त स्नायूंच्या तरुण घोड्यांत हे विशेष आढळते. आहार सुधारून आणि हळूहळू वाढवलेल्या व्यायामाने मांडीचे स्नायू भरले की पुष्कळ शिंगरे शस्त्रक्रियेवाचून बरी होतात. येथे पूर्ण विश्रांती अपायकारक ठरते, हे ध्यानात ठेवावे. बंध छेदण्याची शस्त्रक्रिया हा शेवटचा उपाय होय. तिने वाटीला पुढे इजा होण्याचा संभव असतो.

दुसरे कारण कूर्चेच्या वाढीतील दोषाचे. वाढत्या वयात सांध्यातील कूर्चेचे हाडात रूपांतर नीट होत नाही आणि तिचा तुकडा सुटतो. हॉक सांधा मऊ, पाण्याने भरल्यासारखा फुगतो. कधी लंगडणे नगण्य, तर कधी स्पष्ट असते. जलद वाढ, आनुवंशिकता, अति पौष्टिक दाणा व खनिजांचा असमतोल ही याची कारणे मानली जातात. निदान क्ष-किरणांनीच होते.

तिसरे कारण हॉकच्या खालच्या लहान सांध्यांच्या झिजेचे. घोडेवाले त्या कठीण वाढीस ‘हड्डा’ व वरच्या मऊ फुगीस ‘मोतरा’ म्हणतात. हाडे पक्की होण्यापूर्वी स्वारी, नाच किंवा टांग्याचे काम लावल्यास हा विकार लवकर ओढवतो.

चौथे कारण नाळेतून वा रक्तातून आलेल्या जंतुसंसर्गाचे. काही दिवसांच्या वा आठवड्यांच्या शिंगरात सांधा अकस्मात गरम व सुजलेला होतो, ज्वर येतो, दूध पिणे मंदावते. मोठ्या घोड्याचे प्राकृत तापमान सुमारे 99 ते 101 अंश फॅरनहाइट असते, नवजात शिंगराचे किंचित अधिक. 102 च्या वर गेले व सांधा सुजला, तर त्याच दिवशी पशुवैद्यक गाठावा. आमावस्थेत स्नेहन वर्ज्य, हा आपलाच सिद्धांत आहे. पण येथे लंघन आणि रूक्ष स्वेदाचीही वाट पाहता येत नाही. प्रतिजैविक व सांध्याचे प्रक्षालन यांना विलंब झाला तर सांधा कायमचा जातो.

सांध्याचे नसलेले लंगडणे

मराठवाडा ज्वारीचा प्रदेश आहे. ज्वारीचे कोवळे फुटवे खाल्ल्याने जनावराला किराळ लागते, हे शेतकरी जाणतो. पण घोड्याने हिरवी ज्वारी दीर्घकाळ खाल्ली तर निराळा विकार होतो, हे कमी जणांस ठाऊक आहे. मागचे दोन्ही पाय झोकांड्या खातात व मूत्र ठिबकते. हा मज्जारज्जू व मूत्राशयाचा विकार आहे. सांध्याला तेल लावून त्यात काही साधत नाही. चारा तत्काळ बदलणे हाच पहिला उपाय.

सर्रा या रोगात मधून मधून ज्वर, क्षीणता, पायांवर सूज व मागच्या भागाची दुर्बलता दिसते. मागच्या पायाच्या आतील बाजूस गाठींची माळ व फुटणारे व्रण दिसले तर ग्लँडर्सची शंका घ्यावी. हा रोग माणसालाही होतो व प्राणघातक ठरू शकतो. महाराष्ट्रात 2006 साली तो पुन्हा आढळला होता. असे जनावर हाताळू नये, चोळू तर मुळीच नये. पशुसंवर्धन खात्यास त्वरित कळवावे.

दाणा : निदानपरिवर्जनाचा खरा प्रांत

हेतूचा त्याग हा चिकित्सेचा पाया, हे सुश्रुतांनी सांगितले आहे. शिंगराच्या बाबतीत हा हेतू बहुधा तोबऱ्यात सापडतो. आपल्याकडे कडबा, हरभरा आणि गव्हाचा कोंडा यांवर घोडा पोसला जातो. कोंड्यात स्फुरद कॅल्शियमच्या सुमारे दहापट असते. असा दाणा दीर्घकाळ दिल्यास शरीर हाडांतील कॅल्शियम काढून घेते. हाडे पोकळ होतात, जबडा फुगतो आणि लंगडणे एका पायातून दुसऱ्यात फिरते. वाढत्या शिंगराच्या एकूण आहारात कॅल्शियम स्फुरदाहून अधिक, साधारणतः दीडपट असावे. कोंडा कमी करून लसूणघास वाढवणे आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने खनिज मिश्रण देणे, एवढ्यानेही मोठा फरक पडतो.

चिकित्सेतील आपले स्थान

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 नुसार पशुचिकित्सेचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करावयाचा आहे. आपली नोंदणी मनुष्यचिकित्सेची आहे. म्हणून घोड्याचे निदान व औषधयोजना आपण स्वतंत्रपणे करू नये. लातूर जिल्ह्यात उदगीर येथे आणि शेजारी परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे पाठवणे हीच उत्तम चिकित्सा होय.

निश्चित निदानानंतर, पशुवैद्यकाच्या संमतीने, जीर्णावस्थेत अभ्यंग व मृदू स्वेद यांचा साहाय्यक उपयोग करण्यास जागा आहे. ताज्या इजेत मात्र पहिले दोन-तीन दिवस थंड पाण्याची धार हितावह. गरम शेक व मर्दन नको. बिब्ब्याचे लेप घोड्याच्या नाजूक त्वचेवर फोड व व्रण करतात. डागण्याविषयी तर आपल्या ग्रंथाचाच आधार घ्यावा : सुश्रुतसंहितेत अग्निकर्म अयोग्य असलेल्यांत बालक आणि दुर्बल यांची गणना आहे. शिंगराचा सांधा डागणे शास्त्राच्या नावाने खपवता येणार नाही.

औषधी दुकानदारांसाठी

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमातील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत मनुष्य आणि प्राणी या दोहोंचा समावेश आहे. त्यामुळे पशूंसाठीचे आयुर्वेदीय औषधही परवानाधारक उत्पादकाचेच हवे. खुली, नाव नसलेली ‘सांधे-चूर्णे’ ठेवू नयेत. त्यांत स्टिरॉइडची भेसळ असल्यास घोड्याला खुरांचा दारुण दाह होऊ शकतो. वेदनाशामकांबाबतही दक्षता हवी. गिधाडांच्या संहारामुळे जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर 2006 साली, तर केटोप्रोफेन व अॅसिक्लोफिनॅकवर 2023 साली बंदी आली. माणसांसाठीच्या कुप्या ‘घोड्याला’ म्हणून मागितल्यास नम्रपणे नकार द्यावा. कुचल्याचे कल्प तर अंदाजे मात्रेत कोणत्याही जनावरासाठी देऊ नयेत.

शिंगरू घेणारा हा बहुधा मोठा धनिक नसतो. वरातीच्या घोड्यावर किंवा टांग्यावर त्याचे घर चालते आणि त्या एका जनावरात त्याची अनेक वर्षांची बचत गुंतलेली असते. तो तेलाची बाटली मागतो तेव्हा चार प्रश्न विचारावेत : सांधा कोणता, ज्वर आहे का, तोबऱ्यात काय आहे आणि काम केव्हापासून लावले? उत्तरे एका चिठ्ठीवर लिहून त्याला पशुवैद्यकाकडे पाठवावे. बाटलीची विक्री राहील, पण घोडा उभा राहण्याची शक्यता वाढेल. सालोत्र्यांचा वारसा सांगणाऱ्या आपणा सर्वांकडून एवढी अपेक्षा वाजवी आहे, असे आम्हांस वाटते.