सडपातळ देह आणि रक्तातील मेदाचा हिशेब

आमच्या जबलपूर शाखेतील एक सहकारी अंगाने अगदी सडपातळ. शाखेत खव्याची जिलेबी आली की "मला काय होणार?" असे म्हणत ते एक तुकडा अधिकच घेत. वार्षिक आरोग्य तपासणीत मात्र त्यांचे ट्रायग्लिसराइड २६० आणि एचडीएल अवघे ३३ निघाले. वय एकेचाळीस. "अहवाल दुसऱ्या कुणाचा असावा," ही त्यांची पहिली प्रतिक्रिया होती. आपल्या वडिलांना पन्नाशीच्या आतच हृदयविकाराने गाठले होते, हे त्यांनी त्या दिवशी आम्हांला प्रथमच सांगितले.

बारीक माणसाच्या रक्तात एवढा मेद कसा? या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी पुण्यातील संशोधनाने दिले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या प्रमाणात वजन दर्शविणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, परंतु शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के! पुण्याजवळील खेड्यांत जन्मलेल्या बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो आढळले. आपल्या बालकांचे स्नायू व अवयव लहान होते, मेद मात्र त्या मानाने फारसा घटलेला नव्हता. म्हणजेच 'बारीक पण मेदयुक्त' ही आपली ठेवण जन्मापासूनचीच आहे.

मेद पाण्यात विरघळत नाही. म्हणून तो प्रथिनांच्या वेष्टणातील सूक्ष्म कणांतून रक्तात वाहून नेला जातो. हे कण म्हणजेच लिपोप्रोटीन. पोटात साठलेल्या चरबीतून यकृताकडे मेदाम्लांचा ओघ वाढला की यकृत ट्रायग्लिसराइडने भरलेले कण अधिक संख्येने रक्तात सोडते. परिणामी एचडीएल घटते आणि एलडीएलचे कण लहान व घट्ट होतात. असे कण रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून तेथे साचतात. पेशी एलडीएल रक्तातून कसे उचलून घेतात, हे उलगडणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन या शास्त्रज्ञांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपण अहवालात बहुधा एकूण कोलेस्टेरॉलचाच आकडा पाहतो. परंतु केवळ एकूण उलाढालीवरून खात्याची खरी स्थिती कळत नाही. आमच्या सहकाऱ्यांचा एकूण आकडा २०५, म्हणजे वरवर पाहता किंचितच अधिक. त्यातून एचडीएलचे ३३ वजा करता १७२ उरले. ही वजाबाकी म्हणजे धोकादायक सर्व कणांतील कोलेस्टेरॉलची बेरीज होय. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार सर्वसाधारण व्यक्तीत ती १३० पेक्षा कमी असावी. मधुमेह वा हृदयविकार असल्यास याहूनही कमी. लिपोप्रोटीन-ए हा मुख्यतः आनुवंशिक घटक आयुष्यात एकदा तरी तपासावा, असेही त्यात सुचविले आहे. ज्यांच्या घराण्यात कमी वयात हृदयविकार झाला आहे, त्यांनी तर याकडे मुळीच दुर्लक्ष करू नये.

केवळ औषधांनी एचडीएल वाढवून हृदयविकार टळत नाही, हे मोठ्या चाचण्यांतून दिसून आले आहे. पोटाचा घेर कमी करणे, नियमित चालणे, साखर, मैदा व तळलेले पदार्थ मर्यादित ठेवणे, तंबाखू वर्ज्य करणे आणि वैद्यकीय सल्ल्यानुसार औषध घेणे, हाच खात्रीचा मार्ग होय.

आमचे सहकारी आता भंवरताल उद्यानात रोज सकाळी फिरावयास जातात, औषधही नियमित घेतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नागपूरच्या आपल्या धाकट्या भावालाही त्यांनी तपासणीस धाडले. तोही सडपातळच आहे.