बारा हजारांचं वजन

रायपूरच्या मराठी घरांसाठी डॉक्टरकीचा खर्च वाढला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. त्या दिवशी कुठल्या कॉलेजाने फी वाढवली नव्हती. राज्यांची पुनर्रचना झाली आणि तोवर आपल्याच प्रांताची राजधानी असलेलं नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं. नागपूरचं मेडिकल कॉलेज १९४७ सालचं. रायपुरातल्या आमच्या तात्यापारा वस्तीतल्या मुलांना ते घरचंच वाटायचं. रात्रीची गाडी धरली की सकाळी नागपूर, आणि तिथे कुणाची आत्या, कुणाची मावशी असायचीच. राहण्या-जेवण्याचं नात्यातच भागायचं. पुनर्रचनेनंतर ते परराज्यातलं कॉलेज झालं. जबलपूरचं कॉलेज १९५५ मध्ये निघालं होतं, पण जबलपुरात आमच्या लोकांचे नातलग फारसे नव्हते. म्हणजे खोलीचं भाडं आणि खानावळ आलीच.

मग १९६३ मध्ये रायपुरातच मेडिकल कॉलेज निघालं. दाऊ कल्याणसिंहांच्या दानातून उभं राहिलेलं डी. के. हॉस्पिटल त्याला जोडलेलं होतं. त्याच सुमारास केंद्र सरकारची राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती सुरू झाली: शिकताना घ्यायची, कमावू लागलं की बिनव्याजी फेडायची. या दोन्हींपैकी आमच्या घरांना जास्त आधार कशाचा झाला, असं विचाराल तर मी बिनदिक्कत कॉलेजचं नाव घेईन. मुलगा सायकलवरून कॉलेजात जातो आणि रात्री घरी जेवतो, यात जे पैसे वाचतात तेवढे त्या काळातल्या कुठल्याच शिष्यवृत्तीत मिळत नव्हते.

हे मी ऐकीव बोलत नाही. १९८३ ते २०१८ मी बँकेत होतो आणि त्यातली बरीच वर्षं शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर गेली. शिवाय नव्वदीच्या सुरुवातीपासून आमच्या लोकांच्या एका छोट्या निधीच्या शिष्यवृत्ती समितीवर आहे. एका हाताने कर्ज दिलं, दुसऱ्या हाताने मदत वाटली. दोन्हीकडचा हिशेब समोर असल्यामुळे एक गोष्ट पक्की कळली: शिष्यवृत्ती मोठी की छोटी, हे नुसत्या रकमेवरून सांगता येत नाही. ती कोणत्या खर्चासमोर ठेवली आणि कोणत्या तारखेला हातात पडली, हे आधी बघावं लागतं.

तारखेचं महत्त्व मला एका मुलीच्या वडिलांनी शिकवलं. साल १९९४. वडील एका शाळेत शिपाई, मुलगी पीएमटी या प्रवेशपरीक्षेतून रायपूरच्या सरकारी कॉलेजात लागलेली. फी त्यांनी कशीबशी भरली होती. आमच्याकडे आले तेव्हा खिशात वहीचा फाडलेला कागद होता. त्यावर मुलीच्या अक्षरात यादी: हाडांचा अर्धा सेट, सीनियरकडून जुना, डिसेक्शन बॉक्स, दोन ॲप्रन, चौरसियांच्या ॲनाटॉमीचे तीन खंड, मेसचा ॲडव्हान्स. प्रत्येक ओळीपुढे आकडा, आणि खाली बेरीज दोनदा करून खोडलेली. आम्ही पाच हजार मंजूर केले. तेव्हाच्या मानाने रक्कम बरी होती, आणि आम्हाला त्याचं समाधानही वाटलं. पण समितीचा चेक निघाला फेब्रुवारीत, कारण वार्षिक कार्यक्रमात पाहुण्यांच्या हस्ते द्यायची आमची रीत होती.

मुलीला हाडं ऑगस्टमध्ये लागत होती. वडिलांनी आईच्या पाटल्या सदर बाजारात एका सराफाकडे ठेवून पाच हजार उचलले, महिना अडीच टक्क्याने. सहा महिन्यांत साडेसातशे रुपये व्याज झालं. आमचा चेक वटवून ते थेट सराफाकडे गेले, आणि पाटल्या सुटायला साडेसातशे कमी पडले. आम्ही दिलेल्या पैशातून त्या मुलीच्या शिक्षणासाठी एकही वस्तू आली नाही. ही चूक आमची होती, आणि ती कळायला आम्हाला आणखी चार वर्षं लागली. त्यानंतर पाहुण्यांच्या हस्ते द्यायचा कार्यक्रम आम्ही बंद केला.

ज्या शिष्यवृत्तीने माणसाची वाटच बदलली, तिचं उदाहरण आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायचा करार. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या मुलांसाठी सरकारी पैशाचा आग्रह धरला आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. रायपूरच्या मेडिकल कॉलेजची मुलं आज ज्या हॉस्पिटलात शिकतात, ज्याला सगळं गाव मेकाहारा म्हणतं, त्याला बाबासाहेबांचंच नाव आहे. या शिष्यवृत्तीत अनिवार्य फी भरून निघते. पालकांचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असलेल्या घरात ही मदत जोडीला आलेली नसते, सगळा प्रवेशच तिच्यावर उभा असतो. तिचं वजन मी कुठल्याही तराजूत पूर्णच धरीन.

पण तिच्या दारात एक कागद उभा असतो. छत्तीसगडात जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबाला १९५० च्या आधीच्या आणि ओबीसींना १९८४ च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. इथे सगळे ‘मिसल’ काढायला जातात, म्हणजे जुन्या बंदोबस्तातली नोंद. ज्यांची जमीनच नव्हती त्यांची नोंद कुठून असणार? भंडाऱ्याहून एक कुटुंब १९५९ मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्यात आलं. तिसऱ्या पिढीतल्या मुलाला महाराष्ट्राचा दाखला मिळतो, पण तो इथल्या राज्य कोट्यात चालत नाही. तिकडे महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे आणि २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात फी माफ आहे. ती त्याच्या बहिणीला मिळत नाही, कारण ती जन्मापासून छत्तीसगडची. अशा घरांसमोर शिष्यवृत्त्यांची यादी वाचताना माझा गळा दाटून येतो. यादी लांब असते आणि त्यांच्या वाट्याला एक ओळही येत नाही.

छत्तीसगड राज्य वेगळं झालं २००० मध्ये. बिलासपूरला २००१ मध्ये आणि जगदलपूरला २००६ मध्ये सरकारी कॉलेज आलं. २०१२ मध्ये टाटीबंधला एम्स सुरू झालं, जिथे पूर्ण कोर्सची फी काही हजारांत बसते. नंतर खासगी कॉलेजं आली आणि फी वर्षाला लाखांत बोलू लागली. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसणारी माणसंही बदलली. आधी यायचे ते मेसच्या पैशाचं बोलत. आता येणारे घराचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणत.

इथे मी त्यांना एक साधा हिशेब करून दाखवायचो. बारावीत वरच्या फळीत आलेल्या मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती आहे. आज ती पहिली तीन वर्षं वर्षाला १२,००० आणि पुढे २०,००० रुपये आहे. सरकारी कॉलेजच्या मुलाला बारा हजार म्हणजे महिना हजार, मेसच्या बिलाचा चांगला तिसरा हिस्सा. घरून मागायचे पैसे तेवढे कमी होतात आणि पोराची मान वर राहते. खासगी कॉलेजसाठी साडेसात लाखांचं कर्ज काढलं आणि व्याज ११ टक्के धरलं, तर वर्षाचं नुसतं व्याज ८२,५०० होतं. महिन्याला ६,८७५. त्या बारा हजारांत दोन महिन्यांचंही व्याज निघत नाही, आणि ते कर्ज तर फार तर एका वर्षाची फी. रक्कम तीच, मुलाची हुशारीही तीच. तरी कितीतरी बाप मला म्हणाले, ‘साहेब, स्कॉलरशिप आहे ना, निघेल.’ त्या ‘निघेल’वर घर गहाण टाकू नका, हे सांगणं मी माझं कामच समजत आलो.

बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना २००१ मध्ये आली. तिच्यात चार लाखांपर्यंत तारण नव्हतं, त्यापुढे जामीनदार किंवा मालमत्ता लागायची. जामीनदार मिळवणं हाच कितीतरी घरांचा खरा अडसर होता. मामा, काका, शेजारी सगळे चांगले, पण सहीची वेळ आली की गप्प. नोव्हेंबर २०२४ ची पीएम-विद्यालक्ष्मी योजना तारण आणि जामीनदार दोन्ही मागत नाही, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलतही देते. चांगलं पाऊल आहे. कॉलेज मात्र तिच्या निवडक यादीत असावं लागतं.

पैसा प्रवेशाच्या आधी लावला तर जास्त फळतो, असं माझं आता ठाम मत झालं आहे. २०१० मध्ये राज्य सरकारने रायपुरात ‘प्रयास’ निवासी शाळा सुरू केली, नक्षलग्रस्त भागांतल्या मुलांच्या इंजिनिअरिंग-मेडिकलच्या तयारीसाठी. बस्तरच्या खेड्यातल्या मुलाला पुढे खासगी कॉलेजसाठी पन्नास हजार देण्यापेक्षा दोन वर्षं नीट शिकवून सरकारी जागेपर्यंत पोचवणं, यात त्याच्या पाच-साडेपाच वर्षांच्या फीचा प्रश्न सुटतो. सरकारी जागा हीच या देशातली सर्वांत मोठी शिष्यवृत्ती आहे. तिची परतफेडही ठरलेली आहे: छत्तीसगडात एमबीबीएसनंतर ग्रामीण सेवेचा बाँड. मुलं कुरकुरतात. मी त्यांना बडोद्याच्या कराराची गोष्ट सांगतो.

हे पटल्यावर आमच्या समितीने दहा मुलांना सारखी रक्कम वाटणं सोडलं. आता निम्मा निधी बारावीनंतर एक वर्ष पुन्हा तयारी करणाऱ्या मुलांना जातो आणि उरलेला काउन्सेलिंगच्या आठवड्यात, कॉलेजात हजर व्हायच्या तारखेआधी, सरळ खात्यात. अर्जात उत्पन्नाच्या रकान्याच्या आधी एक प्रश्न घातला आहे: प्रवेशासाठी घरातलं काय गहाण ठेवलं, कुठे, किती टक्क्याने? गेल्या वर्षीच्या एका अर्जात तिथे निळ्या शाईने लिहिलं होतं: आईची बोरमाळ, सदर बाजार, महिना दोन टक्के. त्या घरी आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो.