आपली खंजिरी जपानला गेली होती



दिवाळीच्या सुट्टीत माझा मामेभाऊ पुण्याहून आला होता. मी खंजिरी वाजवत होते. तो म्हणाला, "हे गावातलं वाद्य आहे. बाहेर कोण ऐकणार?" मला उत्तर देता आले नाही. मग मी आबाजींना विचारले, गुरुजींना विचारले आणि शाळेच्या कपाटातली पुस्तके वाचली. त्याला जे सांगायचे राहून गेले ते इथे लिहिते.

खंजिरी आपण सर्वांनी पाहिली आहे. लाकडाचे गोल कडे असते. त्याच्या एका बाजूला कातडे ताणून बसवतात. कड्याला खाचा पाडून त्यात पितळेच्या चकत्या ओवतात. त्या छन् छन् वाजतात. डाव्या हातात कडे धरायचे आणि उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायचे. डाव्या हाताच्या बोटांनी कातडे जरासे दाबले की आवाज बदलतो. पूर्वी खंजिरीला घोरपडीचे कातडे लावत. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड मारायला बंदी आहे. आमच्या घरच्या खंजिरीला बकरीचे कातडे आहे.

ही खंजिरी ज्यांनी गावोगाव नेली ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आपल्याच जिल्ह्यातले. त्यांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी यावली गावी झाला. त्यांचे नाव माणिक होते. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. मोझरीला त्यांनी १९३५ साली गुरुकुंज आश्रम काढला. महाराज खंजिरी वाजवून भजन म्हणत. गाव झाडा, दारू सोडा, जातपात पाळू नका, हे ते भजनातून सांगत. १९४२ च्या लढ्यात इंग्रजांनी त्यांना तुरुंगातही टाकले होते.

१९५५ साली जपानमध्ये विश्वधर्म आणि विश्वशांती परिषद भरली. तिथे महाराजांना बोलावणे आले. जपान म्हणजे नकाशात आपल्या पूर्वेला, पार समुद्रातला देश. आपल्याकडे सकाळचे पाच वाजतात तेव्हा तिथे साडेआठ झालेले असतात. त्याच्या दहाच वर्षे आधी, ऑगस्ट १९४५ मध्ये, हिरोशिमा आणि नागासाकी या जपानच्या दोन शहरांवर अणुबॉम्ब पडले होते. लाखावर माणसे मेली. त्यात आपल्याएवढी मुलेही होती. म्हणून तिथल्या लोकांना शांती म्हणजे काय हे दुसऱ्या कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. अशा देशात महाराजांनी खंजिरीवर भजन म्हटले.

मी गुरुजींना विचारले, "जपानी लोकांना आपली भाषा कशी समजली असेल?" गुरुजी म्हणाले, "शब्द समजले नाहीत तरी ताल समजतो. बाळाला शब्द कुठे समजतात? तरी ते अंगाईने झोपते."

आणखी एक गोष्ट आहे. जपानमध्येही खंजिरीची बहीण आहे! आमची सहल वर्ध्याला गेली होती. तिथे गीताई मंदिराजवळ विश्वशांती स्तूप आहे. जपानचे काही बौद्ध भिक्खू प्रार्थना करताना एक गोल वाद्य वाजवतात. कड्यावर कातडे ताणलेले असते आणि पंख्यासारखा दांडा असतो. एका हातात वाद्य धरायचे आणि दुसऱ्या हातातल्या काठीने वाजवायचे. अशा भिक्खूंचे गुरू फुजी गुरुजी १९३३ साली वर्ध्याला येऊन महात्मा गांधींना भेटले होते. म्हणजे आधी त्यांचे भिक्खू आपल्याकडे आले आणि मग आपली खंजिरी त्यांच्याकडे गेली. पाहुण्याने पाहुण्याच्या घरी जावे तसे झाले.

अमरावतीची माणसे त्याच्याही आधी परदेशात गेली होती. १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली जर्मनीला गेले. बर्लिनला ऑलिम्पिक होते तेव्हा त्यांनी कबड्डी, मल्लखांब असे आपले खेळ तिथल्या लोकांना करून दाखवले. तेव्हा "बाहेर कोण पाहणार?" असे म्हणून ते घरी बसले असते तर?

आता माझी एक चूक सांगते. श्रावणात मी आबाजींची खंजिरी ओसरीवर विसरले. रात्री पाऊस आला आणि वळचणीचे पाणी तिच्यावर पडले. सकाळी वाजवली तर भद् भद् आवाज आला. कातडे पाणी पिते आणि सैल पडते. वाळले की पुन्हा ताणते. मला एवढे माहीत होते. शाळेत सराव होता, म्हणून मी घाईने खंजिरी चुलीजवळ धरली. एकीकडचे कातडे लवकर वाळून आकसले आणि दुसरीकडचे ओलेच होते. टर्र करून फाटले.

ती खंजिरी घेऊन आबाजी तरुणपणापासून मोझरीला जात होते. मला वाटले आता मार बसेल. पण आबाजी फाटलेल्या कातड्यावरून नुसता हात फिरवत राहिले. मग एवढेच म्हणाले, "तिले जाळाजवळ कायले नेली बाई? सावकाश उन्हात ठेवाची होती." मार बसला असता तर बरे वाटले असते.

महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गेले. दरवर्षी पुण्यतिथीला त्या वेळी लोक जागच्या जागी मौन उभे राहतात. यंदा आबाजींनी त्या दिवशी खंजिरीवाचून, हाताने टाळ्या वाजवून भजन म्हटले. मी त्यांच्या मागे बसले होते. मला सारखे त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहवत नव्हते.

नंतर खंजिरीला नवीन कातडे बसवून आणले. आवाज पहिल्यासारखा येत नाही. आबाजी म्हणतात, "नवं कातडं हाये. बोलाले वेळ लागते. तू रोज वाजोत जाय." म्हणून मी आता रोज संध्याकाळी प्रार्थनेच्या आधी वाजवते आणि वाजवून झाली की कोरड्या फडक्यात बांधून खुंटीला टांगते.

जपान समुद्रापलीकडे आहे. तिथे जाणारी खंजिरी महाराजांनी किती जपून नेली असेल! मी तर ती ओसरीवरून घरातसुद्धा नेली नव्हती.

मामेभाऊ उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा येणार आहे. तोवर नवे कातडे बोलू लागेल. मग त्याला मी आधी खंजिरी ऐकवीन आणि नंतर जपानची गोष्ट सांगीन.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी, भातकुली