शिफारशीची मजुरी



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना नवल वाटले असेल. गिरणी, हमाली, बोनस, किमान वेतन हे नेहमीचे विषय सोडून कामगार चळवळीतला माणूस इंटरनेटवरील कमिशनाबद्दल काय सांगणार? पण आम्ही आयुष्यभर एकच प्रश्न विचारीत आलो आहोत. माणसाने काम केले, त्याचा दर कोणी ठरविला आणि त्याचा हिशेब कोणाच्या हातात राहिला? पाठीवर पोते वाहणाऱ्याला हा प्रश्न जसा लागू आहे, तसाच मोबाईलवर बोटे चालविणाऱ्यालाही लागू आहे. शिकलेली मुले-मुली नोकरीची वाट पाहत ह्या मार्गाने चार पैसे मिळविण्याच्या खटपटीत आहेत, अशी घरे आता मिरजेतही विरळा नाहीत. त्यांच्या आईवडिलांना हा व्यवहार समजावा, एवढ्यासाठी हा प्रपंच.

ह्या व्यवहाराला अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात. नाव परके असले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. सांगलीच्या बाजारात हळद आणणारा शेतकरी आडत्याकडे माल उतरवितो. आडत्या गिऱ्हाईक गाठून देतो व विक्रीवर टक्केवारीने आडत घेतो. माल त्याचा नसतो. गाठ घालून देणे हेच त्याचे मुख्य काम. इंटरनेटवर लिहिणारा मनुष्य हेच करतो. तो एखाद्या वस्तूची माहिती लिहितो आणि खाली दुकानाची लिंक देतो. त्या लिंकमध्ये त्याचा स्वतःचा क्रमांक गुंफलेला असतो. वाचकाने तिच्यावर बोट ठेवले की तो थेट दुकानात पोहोचतो, आणि त्याने खरेदी केली तर दुकान लिहिणाऱ्याला ठरावीक टक्के देते. अमेरिकेत अ‍ॅमेझॉन कंपनीने १९९६ साली, ती मुख्यतः पुस्तके विकत असताना, अशी योजना सुरू केली. पुढे ही पद्धत जगभर पसरली.

आता आतले यंत्र पाहू. वाचकाने लिंक दाबली की त्याच्या मोबाईलमध्ये वा संगणकात एक बारीक खूण ठेवली जाते. तिला कुकी म्हणतात. हा वाचक अमक्याने पाठविला, अशी ती चिठ्ठीच होय. चिठ्ठीला मुदत असते. अ‍ॅमेझॉनच्या योजनेत ती साधारणतः चोवीस तासांची आहे. सोमवारी तुमचा लेख वाचून ज्याचे मत बनले, त्याने घरी विचारून गुरुवारी खरेदी केली, तर तुमच्या पदरात सहसा काही पडत नाही. शिवाय बहुतेक योजनांत शेवटची चिठ्ठी ज्याची, त्याचेच कमिशन. चार दिवस खपून समजावून सांगणारा एक, आणि शेवटच्या क्षणी सवलतीचा आकडा दाखवून पैसे घेणारा दुसरा, असे घडू शकते. पोती पाठीवरून नेली एकाने आणि मजुरी मिळाली फाटकाशी उभ्या असलेल्याला, असाच हा प्रकार.

प्राप्तीचा हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल धरा. समजा, एका मुलीने महिन्यात दोन लेख लिहिले आणि प्रत्येकाला दोन दिवस लागले. लेख एक हजार माणसांनी वाचले, पन्नास जणांनी लिंक दाबली, दोघांनी प्रत्येकी तीन हजारांची वस्तू घेतली. पाच टक्क्यांनी कमिशन झाले तीनशे रुपये. चार दिवसांचे तीनशे, म्हणजे दिवसाला पंचाहत्तर. ह्यातच वीज, मोबाईल व इंटरनेटचा खर्च. ह्या दराने शेतात भांगलायला कोणी येणार नाही. अर्थात् दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लेख एकदा लिहिला की तो पुढेही वाचला जातो. वर्षभर तितकीच विक्री होत राहिली, तर त्याच चार दिवसांचे तीन हजार सहाशे होतील, आणि असे पन्नास लेख साठले तर त्याला उत्पन्न म्हणता येईल. ह्या आशेवरच सारा व्यवहार चालतो, आणि आशा खोटी नाही. मात्र ती दुसऱ्याच्या मर्जीवर टांगलेली आहे.

ती कशी, त्याचा दाखला घ्या. एप्रिल २०२० मध्ये, जग टाळेबंदीत घरी बसले असता, अ‍ॅमेझॉनने अमेरिकेतील आपले कमिशनाचे दर एकदम खाली आणले. घरातील लाकडी सामानावरील आठ टक्क्यांचे तीन झाले, किराण्यावरील पाचाचा एक. वर्षानुवर्षे लिहून ठेवलेल्या लेखांची मिळकत एका पत्रकाने कमी झाली. गिरणीमालकाने असा दर कापला असता तर दुसऱ्या दिवशी दारात सभा भरली असती. येथे दार कोठे आहे, हेच कामगाराला ठाऊक नाही.

हिशेबाची गोष्ट ह्याहून महत्त्वाची. शेतकऱ्याला बाजारातून पट्टी मिळते. तीत पोती किती, वजन किती, भाव काय, हमाली, तोलाई सर्व लिहिलेले असते. पट्टीत खोट असू शकते. पण शेतकरी काट्याशी उभा राहू शकतो, शेजाऱ्याची पट्टी पाहू शकतो, बाजार समितीकडे तक्रार करू शकतो. लिंक लावणाऱ्यालाही पडद्यावर पट्टी दिसते. परंतु काटा कंपनीच्या घरात असतो. किती माल खपला, किती परत आला, कोणती विक्री अमान्य ठरली, हे कंपनी सांगेल तेच खरे.

काट्याशी खेळ मध्यस्थही करतो, हे विसरू नये. अमेरिकेत ईबे कंपनीच्या अशाच योजनेत दोन बड्या मध्यस्थांनी लोकांच्या संगणकांत त्यांच्या नकळत चिठ्ठ्या पेरून न केलेल्या कामाचे कमिशन उचलले. २०१४ साली दोघांनाही तुरुंगवासाची शिक्षा झाली.

आता वाचकाच्या बाजूने पाहू, कारण आपण सर्व वाचक व गिऱ्हाईक आहोत. आपल्या मिरजेचेच उदाहरण घेऊ. येथील सतार आणि तंबोऱ्याची कीर्ती देशभर आहे. २०२४ साली दोहोंना भौगोलिक मानांकनही मिळाले. समजा, गाणे शिकणारा एक विद्यार्थी तंबोऱ्याविषयी लिहितो. भोपळा कसा पारखावा, जवारी म्हणजे काय, हे तो जाणतो. सतारमेकर गल्लीतल्या कारागिराकडे जा, असे लिहिले तर त्याला दमडी मिळत नाही, कारण त्या दुकानाची लिंक नाही. विजेवर चालणाऱ्या तंबोऱ्याच्या पेटीची लिंक लावली तर कमिशन मिळते. लबाडी करावी असे त्याच्या मनात नसते. पण लेखणी हळूहळू पेटीकडे कलते. कमिशन बहुधा विक्रेता देतो आणि गिऱ्हाईकाला जादा पैसे पडत नाहीत, हे बहुतांशी खरे. परंतु सल्ला वाकला, तर त्याची किंमत गिऱ्हाईकच मोजतो आणि गल्लीतला कारागीरही मोजतो.

म्हणून ह्या धंद्यात नेमके काय विकले जाते, ते ओळखा. वस्तू दुकानदार विकतो. लिहिणारा विकतो तो लोकांचा आपल्यावरील विश्वास. तेच त्याचे भांडवल. कायद्यानेही हे ओळखले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल तिची शिफारस करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत, व पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने सूचना काढल्या, की शिफारशीमागे आर्थिक संबंध असेल तर तो स्पष्ट व सोप्या भाषेत सांगितला पाहिजे. आडत कोणाकडून घेतली जाते, हे उघड असावे, असा ह्याचा अर्थ. २०१६ साली महाराष्ट्रात फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते. आडत कोणाच्या खिशातून जाते, ही बाब किरकोळ नव्हे, हे त्यावरून समजावे.

एका सापळ्याविषयी सावध करतो. ह्या धंद्याच्या नावावर काही मंडळी प्रथम प्रवेशाचे पैसे मागतात आणि आणखी माणसे आणा, त्यांच्यावर कमिशन घ्या, असे सांगतात. कमिशन वस्तूच्या विक्रीवर असेल तर तो व्यापार. माणसे भरती करण्यावर असेल तर ती साखळी, आणि तिला १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. कामाला लागण्यासाठी कामगारानेच आधी पैसे भरावेत, असे म्हणणाऱ्या मुकादमाला आम्ही नेहमीच दारातून परत पाठविले आहे.

मग तरुणांनी काय करावे? जी वस्तू स्वतः वापरली वा पारखली, तिच्याबद्दलच लिहावे. ही लिंक आहे, खरेदी झाल्यास मला कमिशन मिळेल, असे लेखाच्या आरंभी मराठीत लिहावे. लिंक नसली तरी गल्लीतला माल चांगला असेल तर तसे सांगावे. त्याच प्रामाणिकपणावर पुढची लिंक दाबली जाते. एकाच कंपनीवर विसंबू नये. महिन्याची पट्टी आपल्या वहीत उतरवून ठेवावी. आणि ह्या मिळकतीवरही आयकराचा नियम लागू आहे, हे ध्यानात ठेवावे.

शेवटचे सांगणे एकत्र येण्याचे. हमालालाही एक मालक नव्हता; दिवसात दहा दुकानांचे काम, म्हणून जबाबदारी कोणाचीच नाही, असे व्यापारी म्हणत. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडी एकवटले आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. कामगाराची नोंद मंडळाकडे, मजुरी व लेव्ही मंडळात जमा, अशी सोय झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार व प्लॅटफॉर्म कामगार हे शब्द आले आहेत. शब्द कायद्यात आला म्हणून हक्क आपोआप घरी येत नाही. माथाड्यांनाही तो मागावा लागला. तेव्हा मिरज-सांगलीतील ज्या मुला-मुलींना ह्या मार्गाने मिळकत होते, त्यांनी महिन्यातून एकदा भेटावे आणि आपापल्या पट्ट्या एकमेकांसमोर ठेवाव्यात. कोणाला कोणता दर, कोणाची विक्री कशी नाकारली गेली, हे त्या दिवशी कळू लागेल. संघटनेची सुरुवात आम्ही आजवर जेथे जेथे पाहिली, तेथे ती अशीच झाली आहे.