गाडीला न लागणारा स्पेअर पार्ट

जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या सुपरमार्केटात मांसाच्या फ्रिजमध्ये एक पाकीट दिसतं. त्यावर फोक्सवागनचा अस्सल स्पेअर पार्ट असल्याचं छापलेलं, सोबत पार्ट नंबर: 199 398 500 ए. आत डुकराच्या मांसाची सॉसेजेस. ती 1973 पासून मोटार कारखान्याच्या आवारातच, कंपनीचे स्वतःचे खाटीक बनवतात.

मांस बारीक दळून त्यात मसाला मिसळतात. चरबी बाजारातल्या सॉसेजपेक्षा कमी, सुमारे 20 टक्के. मसाल्याचं प्रमाण गुप्त आहे. करी पावडर, मिरी आणि आलं असतं एवढं मात्र सांगतात. मिश्रण आवरणात भरलं की बीचच्या लाकडाचा धूर देतात आणि मग शिजवतात. म्हणजे टपरीवर येतं ते शिजलेलंच. तिथे उरतं ते फक्त परतणं.

तेही बघत राहावं असं. तापलेल्या लोखंडी पत्र्यावर वीतभर लांबीची सॉसेजेस चिमट्याने फिरवत राहायची. साल तांबूस होऊन ताणली, की बोटभर जाडीचे तुकडे, त्यावर केचप, वरून करी पावडर. केचपलाही स्वतःचा पार्ट नंबर आहे. पहिला वास येतो तो हळद-मेथीचा, आणि आपलं मराठी नाक लगेच हरकत घेतं: मसाला कच्चाच! तेलात पडला नाही, फोडणीला गेला नाही. पण तुकडा चावल्यावर हरकत निम्मी मागे घ्यावी लागते. इथे करी मांसातही आहे. तिने धूर आणि आच दोन्ही सोसलेली असते.

ही करी इथवर आली ती इंग्रजांमुळे. आपल्या नाना मसाल्यांची एकच पूड करून त्यांनी ती डब्यात भरली आणि जाईल तिथे नेली. 1949 साली बर्लिनमध्ये हेर्टा हॉयवर या टपरीवालीने ती टोमॅटोच्या सॉसमध्ये घालून सॉसेजवर ओतली, आणि ‘करीवुर्स्ट’ जन्माला आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर बर्लिनच्या तिच्या टपरीच्या भागावर ब्रिटिशांचा ताबा होता. वोल्फ्सबुर्गही त्यांच्याच वाट्याला आलेलं. हिटलरच्या मोटारीसाठी उभारलेला, बॉम्बने फुटलेला इथला कारखाना मेजर आयव्हन हर्स्ट यांनी पुन्हा सुरू केला. करी पावडर आणि मोटार, दोन्हींच्या मागे एकच लष्कर.

शहराचं वय तरी किती? स्थापना 1938 ची, आणि वोल्फ्सबुर्ग हे नाव 1945 चं. शेजारच्या जुन्या फालर्सलेबेनला थंडीतल्या केल भाजीची आणि सॉसेजची परंपरा होती. या नव्या शहराला मात्र आजीच नव्हती. युद्धात वेठबिगार राबले, युद्धानंतर पूर्वेकडचे निर्वासित आले, 1962 पासून इटालियन कामगार. हे इटालियन आधी बराकींत राहिले, आणि पुढे शहरात पास्ता, कॉफी, आइस्क्रीम रुजलं. प्रत्येकाच्या घरची चूल वेगळी, पण पाळीच्या सुट्टीत रांग एकच: कँटीनची. म्हणूनच सगळ्यांचं मिळून असं जे अन्न झालं, त्याची पाककृती कुठल्याच घरातून आली नाही.

ते खरोखर सगळ्यांचं झालंय हे 2021 मध्ये कळलं. कंपनीने मुख्य कचेरीच्या एका कँटीनमधून मांस, म्हणजे करीवुर्स्टही, हद्दपार केलं, तेव्हा माजी चान्सलर गेरहार्ड श्र्योडर यांनी कामगाराच्या ताकदीचं अन्न काढून घेतलं म्हणून जाहीर आक्षेप घेतला. कारखान्याच्या इतर कँटीनमध्ये ते मिळतच होतं, तरी देशभर चर्चा झाली. 2023 मध्ये करीवुर्स्ट त्या कँटीनमध्ये परतलं. 2024 मध्ये कंपनीने 85 लाखांच्या आसपास सॉसेजेस विकली, म्हणजे फोक्सवागनच्या बिल्ल्याच्या मोटारींपेक्षा जास्त. मोटारीचं मॉडेल दर काही वर्षांनी बदलतं. हा पार्ट मात्र पन्नास वर्षं झाली तरी चालू आहे, कारण इथे निवृत्त झालेल्या बापाने आणि आज पाळीवर उभ्या असलेल्या लेकीने दुपारी खाल्लेला पदार्थ एकच आहे. परंपरा म्हणायला याहून जास्त काय लागतं?