पाळण्याचा हिशेब – ११ : दोन हप्त्यांची सुट्टी

या आठवड्यात सोनेतारण आणि पतसंस्थेचं वैयक्तिक कर्ज समोरासमोर ठेवायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या खेपेला. आमच्या जानेफळच्याच एका वाचकांची चिठ्ठी माझ्या औषधांच्या दुकानावर आली आणि ती वाचल्यावर व्याजाच्या दरात मन लागेना. त्यांची लेक आणि जावई इंग्लंडात आहेत, दोघंही आयटीत. लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा हललेला नाही. चिठ्ठी अशी : "पोरगी म्हणते तिकडं लय महाग आहे, दोन हप्त्याची सुट्टी काढून येतो अन् इकडंच करून घेतो. भाऊ, तीन लाख धरले त भागते का? का एखादा एकर काढू?"

काका, एकर राहू द्या. तुमचे तीन लाख फारसे चुकलेले नाहीत. चुकलेत ते दोन हप्ते, आणि खरा खर्च तिथेच लपलेला आहे.

आधी हे पाहू, की लेक इकडे का येतेय. इंग्लंडात एनएचएसचा दवाखाना फुकट असतो हे आपण ऐकून आहोत. व्हिसावर राहणारा माणूस त्यासाठी व्हिसाच्या अर्जाबरोबरच, वर्षांच्या हिशेबाने, आरोग्य अधिभार भरतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आहे, म्हणजे दोघांचे मिळून दोन लाख रुपयांच्या वर. एवढं भरूनही २१ ऑगस्ट २०१७ पासून इंग्लंडात अशा लोकांना आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार, त्यातून मिळत नाही. बाळंतपण मिळतं, पण गर्भ राहण्यासाठीचा उपचार नाही. मग उरतं खासगी सेंटर. एका सायकलला पाच हजार पौंड हा सुरुवातीचा आकडा. इंजेक्शनं आणि तपासण्या धरल्या की सात-आठ हजारांपर्यंतही जातो. पौंड एकशे पंधरा-वीस रुपयांना धरला तर सहा ते नऊ लाख. आपल्याकडे तीच सायकल औषधांसह साधारण दीड ते अडीच लाखांत होते. एवढा फरक दिसल्यावर कोणीही विमानाचं तिकीट बघायला लागणारच.

आता दिवस मोजू. सायकल सुरू होते पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. त्या दिवशी सोनोग्राफी, मग नऊ ते बारा दिवस रोज इंजेक्शनं आणि मध्ये दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी. बीजं तयार झाली की ट्रिगरचं इंजेक्शन आणि त्यानंतर साधारण ३५-३६ तासांनी बीजं काढतात. तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी फलित झालेलं बीज, म्हणजे एम्ब्रियो, गर्भाशयात सोडतात. पुढे सुमारे दोन आठवड्यांनी रक्ताचा रिपोर्ट. सगळं विनाअडथळा पार पडलं तरी महिना जातो. रिपोर्ट तिकडे जाऊन केला तरी तीन आठवड्यांच्या आत हात मोकळे होत नाहीत. शिवाय पाळी काही विमानाच्या वेळापत्रकाने येत नाही. डॉक्टर गोळ्या देऊन तारीख थोडी मागेपुढे करू शकतात, म्हणून तिकिटाआधी डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं व्हायला हवं.

अजून एक गोष्ट पॅकेजच्या कागदावर नसते. आपल्याकडच्या लहान शहरांतली काही सेंटरं बॅच लावतात. एम्ब्रियोलॉजिस्ट मोठ्या शहरातून ठरावीक दिवशी येतो आणि त्या तारखांभोवती सगळ्या बायकांच्या सायकली जुळवल्या जातात. बॅचमध्ये वावगं काही नाही, खर्च कमी होतो. पण लंडनहून आलेली मुलगी बॅच निघून गेल्यावर पोचली तर पुढची लागेपर्यंत माहेरी पाहुणचार घेत बसते, आणि तिकडे पगार कापला जातो.

पगाराचंच बोलू. इंग्लंडात आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला कायद्याने वर्षाला किमान २८ दिवसांची भरपगारी रजा मिळते, आणि त्यातच तिकडच्या बँक हॉलिडेही बसवता येतात. काही दिवस दिवाळीला, काही नणंदेच्या लग्नाला आधीच गेलेले असतात. उरलेलं बिनपगारी. हातात महिन्याला तीन हजार पौंड पडत असतील तर एका बिनपगारी महिन्याचे साडेतीन लाख रुपये झाले. म्हणजे तुमच्या सबंध पॅकेजपेक्षा जास्त. दोघांची विमानाची तिकिटं साध्या दिवसांत लाख-दीड लाखाच्या घरात, दिवाळी-नाताळात त्याहून वर. बेरीज करा : पॅकेज दोन, तिकिटं सव्वा, बुडालेला पगार साडेतीन. पावणेसात लाख झाले, आणि जो उपचार तिकडे "लय महाग" होता त्याच्या पंगतीला आपण येऊन बसलो.

व्हिसाचं कलम पगारापेक्षा अवघड आहे. लेक स्किल्ड वर्कर व्हिसावर असेल तर एका कॅलेंडर वर्षात एकूण चार आठवड्यांपेक्षा जास्त बिनपगारी रजा झाल्यावर कंपनीला तिची स्पॉन्सरशिप थांबवावी लागू शकते. आजारपणाची आणि बाळंतपणाची रजा त्यातून वगळलेली आहे. पण आयव्हीएफसाठी घेतलेली रजा कंपनी कुठल्या खात्यात टाकते, ते एचआरकडून लेखी घ्यावं. कायमच्या वास्तव्याचा अर्ज करायचा असेल तर कुठल्याही बारा महिन्यांत देशाबाहेर १८० दिवसांपेक्षा जास्त राहून चालत नाही, हेही वहीत लिहून ठेवा. कंपनीने काही आठवडे भारतातून काम करू दिलं तर हिशेब एकदम पालटतो, साडेतीन लाख वाचतात. मी लेकीला पहिला फोन सेंटरला नाही, मॅनेजरला करायला सांगेन.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे वळतो. नेहमीच्या वाचकांना अंदाज आला असेल : फ्रीझिंग.

बऱ्याचदा डॉक्टर ऐनवेळी सांगतात की या महिन्यात एम्ब्रियो सोडायचा नाही, सगळे गोठवू. पीसीओडी असलेल्या मुलीत बीजं फार तयार झाली की पोटात पाणी होण्याचा धोका असतो, कधी गर्भाशयाचं अस्तर नीट नसतं. हा निर्णय डॉक्टरांचा. त्यावर घासाघीस करू नये. पण मग एम्ब्रियो सोडणं पुढच्या किंवा त्यापुढच्या महिन्यावर जातं. चार आठवड्यांचे सात-आठ होतात, किंवा दुसरं तिकीट काढावं लागतं. पहिला एम्ब्रियो टिकला नाही तरी तेच. पस्तिशीच्या आतल्या बाईतही एका एम्ब्रियोमागे मूल हाती येण्याचं प्रमाण ढोबळमानाने तीनात एक आहे. दुसऱ्या वारीचा खर्च पहिल्या दिवशीच बाजूला ठेवायला मी सांगतो तो याच्यासाठी.

या गोठवण्याची जगातली पहिली यशस्वी कहाणी भारतातली आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. इंग्लंडात लुईस ब्राऊन जन्मली २५ जुलै १९७८ला. त्यानंतर जेमतेम सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली. मुखर्जींनी तिचा एम्ब्रियो ५३ दिवस गोठवून ठेवला होता. लुईसच्या वेळी एम्ब्रियो गोठवलेला नव्हता. जगाने गोठवलेल्या एम्ब्रियोतून झालेलं पहिलं बाळ म्हणून नोंद केली ती १९८४ची, ऑस्ट्रेलियातली. मुखर्जींच्या वाट्याला मात्र सरकारी चौकशी समिती आली. समितीचा त्यांच्यावर विश्वास बसला नाही, त्यांना परदेशी परिषदेला जाऊ दिलं नाही आणि शेवटी बदली झाली डोळ्यांच्या संस्थेत. १९ जून १९८१ला त्यांनी आयुष्य संपवलं. पुढे ६ ऑगस्ट १९८६ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून मुलगी जन्मली आणि भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिचं नाव झालं. मुखर्जींची टिपणं वाचून १९९७मध्ये त्यांचं श्रेय जाहीरपणे मांडलं ते याच आनंद कुमारांनी. स्वतःच्या डोक्यावरचा "पहिला" हा शिक्का उतरवून दुसऱ्याला देणारा माणूस आपल्या अवतीभवती कितीदा दिसतो? विषयांतर झालं, पण ही गोष्ट सांगायची संधी मी सोडत नाही.

तर मुद्दा असा : इथे गोठवलेले एम्ब्रियो लेकीला इंग्लंडात सोबत नेता येतील का? २०२१च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यानुसार स्वतःचे एम्ब्रियो स्वतःच्या वापरासाठी बाहेर न्यायला राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते. सामानात टाकून न्यायची ती वस्तू नाही. द्रवरूप नायट्रोजनची टाकी, ती वाहून नेणारी खास कंपनी, आणि तिकडच्या सेंटरने तिकडच्या नियमांत बसवून ते स्वीकारणं, इतकं सगळं जुळावं लागतं. उलटी वाटही सोपी नाही. तिकडे गोठवून स्वस्तात सोडायला इकडे आणू, असं काहींच्या मनात असतं. पण एम्ब्रियोची आयात केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१५मध्ये संशोधनापुरती सोडून बंद केली. सामान्य जोडप्याने साधा नियम धरावा : जिथे गोठवले, तिथेच सोडायला यायचं. म्हणून सेंटर निवडताना या महिन्याचा दर बघू नका. दोन वर्षांनी दुसऱ्या मुलासाठी परत यायला कुठलं गाव बरं पडेल, ते बघा. गोठवून ठेवण्याचं भाडं वर्षागणिक लागतं. आपल्या कायद्यात मुदत १० वर्षं आहे. ब्रिटनमध्ये २०२२ पासून दर दहा वर्षांनी संमती नवी करत ५५ वर्षांपर्यंत ठेवता येतात.

गावाचं म्हणाल तर काकूंची इच्छा मला न विचारता कळते : पोरगी घरी राहील, माहेरचं खाईल. इंजेक्शनांच्या दहा-बारा दिवसांत ते जमणार नाही. समृद्धी महामार्गावर मेहकरहून चढलं की संभाजीनगर आता लांब राहिलेलं नाही, पण दर दोन-तीन दिवसांनी जायचं-यायचं म्हणजे डिझेल, टोल आणि मुलीच्या अंगाची दमणूक. सेंटरच्या जवळ पंधरा दिवसांची खोली घ्या, ती स्वस्त पडते. दुसरं कारण माझ्या दुकानातलं आहे. यातली काही इंजेक्शनं २ ते ८ अंशांतच ठेवावी लागतात. आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही. माझ्या फ्रिजला इन्व्हर्टर आहे, घरच्या फ्रिजला बहुधा नसतो. हजारो रुपयांचं इंजेक्शन उकाड्यात बिघडलं तर वरून ओळखूही येत नाही. एम्ब्रियो सोडल्यावर मात्र आणा जानेफळला, खुशाल वरण-भात खाऊ घाला.

जावयाला सगळा वेळ थांबायची गरज नाही. तो सुरुवातीला येऊन सेंटरमध्ये वीर्य गोठवून परत गेला तर त्याचा पगार चालू राहतो. आणि काका, एक जरा अवघड गोष्ट. चिठ्ठीत लेकीच्या तपासण्यांची यादी आहे, जावयाच्या एकाही तपासणीचा उल्लेख नाही. अशा जोडप्यांत बऱ्याच वेळा कारण पुरुषाकडे किंवा दोघांकडे मिळून असतं. वीर्यतपासणी ही यातली सगळ्यात स्वस्त चाचणी. ती तिकडेच आधी करायला सांगा. तुम्हाला बोलायला जड जात असेल तर हा भाग कापून व्हॉट्सॲपवर पाठवा.

विम्याच्या भरवशावर राहू नका. आपल्याकडच्या पॉलिसीच्या कागदात वगळलेल्या गोष्टींत "Excl17" नावाचं कलम असतं. ते वंध्यत्वावरच्या उपचारांचंच. एखादी कंपनी वेगळा हप्ता घेऊन थोडं देते, तेही वाट पाहण्याच्या मुदतीनंतर. सेंटरकडे एआरटी कायद्याखालचं लेव्हल २ नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. लेव्हल १वाल्याला फक्त आययूआय, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडणं, करता येतं.

आता तुमच्या वहीतला आकडा. पहिल्या सायकलला औषधांसह अडीच, तपासण्या आणि खोलीला पन्नास हजार, गोठवलेला एम्ब्रियो सोडण्याच्या दुसऱ्या वेळेला पाऊण लाख. पावणेचार, जरा सैल सोडून चार लाख. हा रुपयांचा खर्च तुम्ही उचला. तिकिटं आणि बुडालेला पगार हा पौंडांचा खर्च त्यांचा. चार लाख एकदम लागत नाहीत. सोयाबीनच्या पट्टीवर पहिला हप्ता आणि तुरीच्या पट्टीवर पुढचा, असं बसवता येईल. आणि लेकीला आठ आठवडे जमत नसतील, कंपनीही इथून काम करू देत नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे : तिकडेच करू द्या, आणि हेच चार लाख तिच्या खात्यात पाठवा.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक ओळ होती : "आलीच हाये त पोरगा-पोरगी पाहून करता येते काय?" नाही. लिंगनिवडीविरुद्धचा १९९४चा कायदा आहेच. शिवाय एआरटी कायद्यात अशा सोयीची जाहिरात करणाऱ्या सेंटरला किंवा दलालाला पाच ते दहा वर्षं कैद किंवा दहा ते पंचवीस लाख दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. बँकॉकला नेऊन करून देतो म्हणणारे दलालही फिरत असतात. त्यांच्या दरपत्रकाची चौकशी माझ्याकडे करू नये. २०११च्या जनगणनेत आपल्या बुलडाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८५५ मुली होत्या, दहा वर्षांपूर्वी ९०८. या खर्चाचा रकाना माझ्या वहीत नाही.

लेकीकडून तीन गोष्टी कळवा : व्हिसाचा प्रकार, शिल्लक रजा आणि जावयाचा रिपोर्ट. नाव-गाव छापणार नाही. पुढच्या आठवड्यात सोनेतारण, आणि पाटल्या कोणाच्या नावावर गहाण ठेवायच्या तेही.