पॅडमधली जेली आणि चिठ्ठीतला प्रश्न

खडकवासला धरणापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक शाळा आहे. पावसाळ्यात तिथल्या आठवी-नववीच्या मुलींशी मासिक पाळीविषयी बोलायला आम्ही गेलो होतो. अशा वेळी आम्ही चिठ्ठ्यांसाठी एक डबा ठेवतो. नाव लिहायचे नाही, मनात असेल ते विचारायचे. त्या दिवशी निम्म्याहून अधिक चिठ्ठ्यांचा विषय एकच निघाला : पॅडमधल्या जेलीने कॅन्सर होतो का? एका चिठ्ठीत मात्र थोडे जास्त लिहिले होते. ‘मोबाईलवर वाचल्यापासून मी पॅड सोडले. कापड घेते. पावसात ते वाळत नाही, म्हणून ओलेच घेते. खाज सुटते, मग शाळेत येत नाही.’

ज्या संदेशामुळे हे घडले, तो आपल्यापैकी अनेकांच्या मोबाईलवरही येऊन गेला असेल. पॅडमध्ये रक्ताची जेली करणारे रसायन असते, एकच पॅड दिवसभर ठेवल्याने मूत्राशयाचा आणि गर्भाशयाचा कॅन्सर होतो, त्यामुळे ५६ मुली दगावल्या, असा त्याचा मजकूर. तो वर्षानुवर्षे फिरतो आहे. या ५६ मुली कोणत्या गावच्या, कोणत्या साली गेल्या, हे कोणी तपासले, याचा त्यात पत्ता नाही.

पहिल्या तासाला आम्ही एक चूक केली. ‘हे सगळे खोटे आहे’ असे सांगून मोकळे झालो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “बाई, मग पॅडमध्ये विषारी द्रव्ये सापडली अशी पेपरात बातमी होती, तीपण खोटी का?” ती बातमी खोटी नव्हती. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने २०२२ साली भारतात मिळणारे १० पॅड तपासले होते आणि त्या सगळ्यांत थॅलेट्स नावाची द्रव्ये सापडली होती. आमची चांगलीच पंचाईत झाली. दुसऱ्या खेपेला मग आम्ही आधी कात्री हातात घेतली.

हा प्रयोग आपल्याही वर्गात करता येईल. एक नवा पातळ पॅड घ्या. तो कापून त्यातला कापूस प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून झटका. तळाशी साखरेसारखे पांढरे कण जमतील. (पिशवीत तोंड घालून पाहू नये, कण नाकाडोळ्यांत जातात.) अर्धा चमचा कण पेल्यात घेऊन त्यावर पाव पेला पाणी ओता. मिनिटाभरात जेली होते, पेला उलटा केला तरी पडत नाही. आता त्यावर चमचाभर मीठ घालून ढवळा. जेली मोडते, पाणी सुटते! मुली इतका वेळ गप्प होत्या, इथे एकदम बोलायला लागल्या.

हे कण सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे. त्याचे रेणू म्हणजे एकमेकांना जागोजागी बांधलेल्या लांब साखळ्या. पाण्यात गेल्यावर साखळीवरचे ऋण प्रभार एकमेकांना दूर ढकलतात, जाळे फुगते आणि त्यात पाणी अडकते. मीठ घातले की सोडियमचे आयन या प्रभारांना झाकतात, बाहेरचे पाणीही खारट होते, आणि जाळे आकसते. रक्तात क्षार असल्यामुळे पॅडमधले कण साध्या पाण्याइतके रक्त शोषत नाहीत. साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असल्याने जेली फुगते, पण विरघळत नाही. पॅड शरीराच्या बाहेर असतो. तिथून ती गर्भाशयापर्यंत चढून जाण्याचा मार्ग नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मुख्य कारण एचपीव्ही हा विषाणू आहे, आणि त्यावरची ‘सर्व्हाव्हॅक’ ही लस आपल्या पुण्यातल्याच सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली आहे. अफवेमुळे ही कामाची माहिती झाकली जाते, याचे आम्हाला अधिक वाईट वाटते.

पण दिवसभर एकच पॅड ठेवू नये, हा संदेशातला सल्ला बरोबरच आहे. कारण तेवढे चुकीचे. ओलाव्याने आणि घर्षणाने त्वचा हुळहुळते, पुरळ येते, जंतू वाढतात. म्हणून चार ते सहा तासांनी पॅड बदलावा. अमेरिकेत १९८० साली शरीराच्या आत ठेवायच्या टॅम्पॉनमुळे खरोखरच बायका दगावल्या होत्या. फार शोषणारे टॅम्पॉन बराच वेळ आत राहिले की स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू विष तयार करीत. ‘रिलाय’ नावाचा टॅम्पॉन त्या सप्टेंबरमध्ये बाजारातून काढून घ्यावा लागला. अफवांना अशा खऱ्या घटनांचा आधार मिळतो.

मग थॅलेट्सचे काय? प्लॅस्टिक मऊ करण्यासाठी ती वापरतात आणि त्यांपैकी काही संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात. तेव्हा काळजी रास्त आहे. पॅडमध्ये काय आहे हे मोजणे ही एक गोष्ट. त्यातले त्वचेतून किती आत जाते, ही दुसरी. २०२४ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना टॅम्पॉनमध्ये शिसे आणि आर्सेनिक आढळले. पण ते त्यांनी टॅम्पॉन आम्लात विरघळवून मोजले होते. शरीरात ते सुटते का, हे त्या अभ्यासात पाहिले नव्हते. बातमीच्या मथळ्यात हा फरक मावत नाही.

‘किती?’ हा प्रश्न खडकवासल्याच्या मुलींना नवा नाही. धरणात पाणी आहे एवढ्याने तिथे कोणाचे समाधान होत नाही, १.९७ टीएमसीपैकी किती, हे विचारले जाते. शेजारीच केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, तिथे तर धरणांच्या प्रतिकृती करून पाणी मोजतात. आम्ही फळ्यावर एवढेच लिहिले : कोणते द्रव्य? किती? शरीरात कोणत्या वाटेने? कोणी मोजले? मग मुलींनी मोबाईलवरचे संदेश आठवून सांगितले आणि एकेकाला हे प्रश्न लावले. ५६ मुलींचा संदेश दुसऱ्या प्रश्नावर अडला. पेपरातली बातमी तिसऱ्यापर्यंत पोचली.

पॅडसाठी आपल्याकडे भारतीय मानक आहे, आयएस ५४०५. त्याच्या १९८० च्या आवृत्तीतली चाचणी वर्गात जमते : ३० मिलिलिटर रंगीत पाणी मिनिटाला १५ मिलिलिटर या वेगाने पॅडवर सोडायचे, मग त्या जागी किलोभर वजन मिनिटभर ठेवायचे आणि खालून किंवा कडेने पाझरते का ते पाहायचे. पूर्ण पाळीत साधारणपणे ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते, हे ऐकून मुलींना आश्चर्य वाटले. भिजलेले कण बेसिनमध्ये टाकू नका, नळी तुंबते. कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करा. कचरा वेचणाऱ्या ताईंच्या हाती तो उघडा जाऊ नये.

चिठ्ठी कोणाची, हे आम्ही विचारले नाही. कापड वाईट नाही, पण साबणाने धुऊन उन्हात वाळलेले हवे. ऊन नसेल तेव्हा इस्त्रीने पुरते कोरडे करावे. खाज थांबत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, एवढे सगळ्यांसमोर सांगितले. निघताना मुलींनी पॅडची तीन पाकिटे उलटसुलट करून पाहिली. आत काय काय घातले आहे याची पूर्ण यादी एकावरही नव्हती. आम्ही शिकवलेला पहिलाच प्रश्न त्यांनी आम्हाला विचारला. मग त्यांनी तिन्ही कंपन्यांना पत्रे लिहिली, शुद्धलेखन बाईंनी तपासले. एका कंपनीचे आभाराचे छापील पत्र आले. यादी अजून आलेली नाही.